अकरा वाजताची यादी

पुण्यातली नोकरी गेली तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. बारा वर्षं मी एका कंपनीत दुसऱ्यांचे डेटाबेस सांभाळले. कुठल्या कुठल्या देशांतल्या दुकानांच्या, विमा कंपन्यांच्या नोंदी. त्यातलं एकही माणूस मी कधी पाहिलं नाही. एका सोमवारी पंधरा मिनिटांची मीटिंग झाली आणि दुपारी लॅपटॉप परत करून मी रिक्षात बसले. त्यानंतर दोन महिने फ्लॅटवर काढले आणि मग कळमनुरीला आले.

आमचं गाव तिथून जवळच, आधी तिथेच उतरले. पण आई-वडील दोघंही गेलेले, घर भावाचं. वहिनी वाईट नाही. तिने पहिल्या आठवड्यात दोनदा विचारलं, "किती दिस हाय सुट्टी?" मी दोन्ही वेळा "बघू" म्हणाले आणि तिसऱ्यांदा विचारायच्या आत कळमनुरीत एक खोली भाड्याने घेतली. खोलीला पुढे गॅलरी होती, खाली पिठाची गिरणी. गिरणी चालू असली की पाण्याच्या ग्लासावर पिठाचा पातळ थर यायचा.

काम एका ओळखीच्या मास्तरांनी सुचवलं. वारंगा फाट्याच्या रस्त्याला एका ट्रस्टचं डोळ्यांचं हॉस्पिटल होतं. तिथला सर्व्हर रोज अडतो, कोणीतरी जाणतं हवंय, म्हणाले. मी गेले. व्यवस्थापक पन्नाशीचे, सभ्य गृहस्थ. त्यांनी मला चहा दिला आणि बसायच्या आधीच सांगितलं, "मशीन जुनी हाय, मला ठावं हाय. पण नवी घ्यायचा विषय सध्या काढू नका. हाय त्येच्यात काय करता येतंय ते बघा." सहा महिन्यांसाठी ठरलं.

सर्व्हर जिथे होता ती खोली पूर्वी चष्म्याच्या फ्रेमा ठेवायला वापरत. खिडकी नव्हती. एसी सतत चालू, त्यामुळे बाहेर ऊन तापलेलं असतानाही मी आत स्वेटर घालून बसायचे. एक टेबल, एक खुर्ची, आणि भिंतीशी तो काळा डबा. त्याच्या पंख्यांचा आवाज इतका की दारावर कोणी टकटक केली तरी ऐकू येत नसे. अर्थात टकटक करायला कोणी येतही नसे.

तक्रार अशी होती. सकाळी नऊला हॉस्पिटल उघडलं की दोन तास सगळं ठीक चालायचं. अकराच्या सुमाराला नोंदणीच्या खिडकीवरचा कॉम्प्युटर अडायचा. खिडकीवरची मुलगी पेशंटचं नाव टाकायची आणि पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत राहायचं. समोर रांग. खेड्यापाड्यांतून आलेली म्हातारी माणसं, कोणाच्या एका डोळ्याला पट्टी, कोणाचा हात सुनेच्या हातात. अर्धा-पाऊण तास सगळे तसेच उभे. मग आपोआप सुटायचं. मुलगी मला फोन करून सांगायची, "मॅडम, गोल फिरून राहिलं." तिच्या आवाजात राग नसायचा, थकवा असायचा.

पहिल्या दिवशी मी साध्या गोष्टी पाहिल्या. खोक्याच्या स्टिकरवर लिहिलेली मेमरी सोळा जीबी, आणि मशीन सांगत होतं बारा. म्हणजे मेमरीच्या चार पट्ट्यांपैकी एक मशीनला दिसतच नव्हती. दुपारी हॉस्पिटल जेवायला बंद झालं तेव्हा सर्व्हर बंद करून झाकण उघडलं. आत धुळीची गादी झालेली. पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरने हलक्या हाताने पुसल्या, परत बसवल्या. पुण्यात असलं काम मी कधी केलं नव्हतं. तिथे मशीन कुठल्या शहरात आहे हेही आम्हांला ठाऊक नसायचं. चालू केलं आणि पडद्यावर सोळा आले. मी एकटीच "आले!" असं मोठ्याने म्हणाले.

दुसरी गोष्ट म्हणजे डेटाबेसला कोणीच मर्यादा घालून दिली नव्हती. हे सॉफ्टवेअर मिळेल तेवढी मेमरी घेत जातं आणि एकदा घेतलेली सहजासहजी सोडत नाही. मग खुद्द मशीनलाच श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि ते मेमरीतलं सामान डिस्कवर नेऊन टाकायला लागतं. मेमरी म्हणजे समोरचं टेबल आणि डिस्क म्हणजे मागच्या खोलीतलं कपाट, असं समजलं तरी चालेल. टेबलावरचा कागद हाताशी असतो, कपाटातल्यासाठी दरवेळी उठावं लागतं. मी मर्यादा घातली, मशीनसाठी चार जीबी राखून ठेवले. सकाळचं काम लगेच हलकं झालं.

पण अकरा वाजता चक्र फिरलंच.

त्या दिवसांत माझं बोलणं किती कमी झालं होतं हे मला त्याच आठवड्यात कळलं. सकाळी कंडक्टरला "फाट्याच्या अलीकडं" म्हणायचे, दुपारी कधीतरी खिडकीवरच्या मुलीशी दोन वाक्यं, संध्याकाळी भाजीवाल्या बाईला "अर्धा किलो." एकदा मुलीचा फोन आला आणि मी "बोला" म्हणायला गेले तर आवाजच फुटला नाही, खाकरून पुन्हा म्हणावं लागलं. डबा मी सर्व्हरच्या खोलीतच खायचे. बाहेर व्हरांड्यात नर्सेस गोल करून बसत. त्यांनी पहिल्या दिवशी बोलावलं होतं. मी "काम आहे" म्हणाले, आणि लोक एकदाच बोलावतात. माझ्याशी बोलायची वेळ येते ती काही बिघडलं की, अशीच माझी सगळी नोकरी गेली होती. मला त्याची सवय होती असं मी समजत होते.

अकरा वाजताचं कारण शोधायला मी मशीनवर पाळत ठेवली. कोण काय मागतंय, किती वेळ लागतोय, याची नोंद सुरू केली. दोनच दिवसांत सापडलं. रोज अकराला पाच मिनिटं कमी असताना कुठल्या तरी एका कॉम्प्युटरवरून एकच मोठी मागणी यायची. ती हॉस्पिटल सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या पेशंटांच्या सगळ्या भेटी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. इतकं वाचायचं म्हणजे ते सगळं टेबलावर आणावं लागतं, आणि त्यासाठी टेबलावरचं बाकीचं खाली ढकललं जातं. म्हणून खिडकीवरच्या मुलीला साधं एक नाव हवं असलं तरी मशीनला कपाटापर्यंत जावं लागे.

त्या कॉम्प्युटरचं नाव होतं 'रेकॉर्ड दोन'. खिडकीवरच्या मुलीला फोन करून विचारलं, "रेकॉर्ड दोन कुठं आहे गं?"

"मागं असंल मॅडम, जुन्या बिल्डिंगीत. तिकडं कोनी जात न्हाई."

मी उठून जायला हवं होतं. जुनी इमारत शंभर पावलांवर होती. पण जायचं म्हणजे कोणाशी तरी बोलायचं, मी कोण हे सांगायचं, त्यांनी आपली कामं सांगायची. मला वाटलं, जुना कुठला तरी अहवाल असेल, कोणीतरी कधीतरी लावून ठेवलेला, आता कोणी बघतही नसेल. असं मी कंपनीत किती वेळा पाहिलं होतं. मी खुर्चीतच बसून चार ओळी लिहिल्या. त्या कॉम्प्युटरवरची कुठलीही मागणी दोन मिनिटांपेक्षा जास्त चालली तर सर्व्हरने ती आपोआप तोडून टाकायची.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले, आणि रांग सरकत राहिली. मुलीचा फोन आला, "मॅडम, पळून राहिली मशीन!" दुपारी व्यवस्थापक स्वतः दारात आले. "ताई, लई भारी काम केलं तुमी," म्हणाले आणि थंडी वाजून लगेच गेले.

त्या संध्याकाळी मला कोणालातरी सांगावंसं वाटलं. मी भावाला फोन लावला. शेतात हळद शिजवायचं काम चाललं होतं. मागे हळदीच्या मोठ्या कुकरची फुसफुस आणि माणसांचे आवाज. मी म्हटलं, "अरे, ते मशीन मी दुरुस्त केलं." तो म्हणाला, "बरं झालं की. जेवलीस का?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "ठेवतो मंग, इथं वाफ धरून राहिली." फोन ठेवल्यावर मी गॅलरीत थोडा वेळ उभी राहिले. गिरणी बंद झाली होती.

नऊ दिवस असं छान चाललं.

दहाव्या दिवशी सकाळी जुन्या इमारतीचं नेटवर्कच गेलं. नेटवर्कच्या तारा जोडणारा तिथला स्विच बघायला मला जावंच लागलं. मागच्या अंगणातून गेले. वाटेत धुतलेल्या हिरव्या चादरी दोरीवर वाळत होत्या. इमारतीच्या कोपऱ्यातल्या खोलीत छतापर्यंत कागदी फायली, आणि मधोमध एक टेबल. टेबलामागे पंचावन्न-साठची एक बाई. सुती साडी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. एका हातात लँडलाइनचा रिसीव्हर, दुसऱ्या हाताखाली जुनी वही. ती वहीत बोट ठेवून नंबर फिरवत होती, तो लागत नव्हता, ती पुढच्या ओळीवर जात होती. कॉम्प्युटरवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलं होतं: रेकॉर्ड दोन.

हॉस्पिटलमध्ये त्यांना सगळे 'रेकॉर्डवाल्या काकू' म्हणत, हे मला नंतर कळलं. मी कोण ते सांगितलं. त्या एकदम उठून उभ्या राहिल्या.

"बरं झालं आल्या ताई. मशीन माझ्यावर रुसून राहिली बघा. आठ-नऊ दिस झाले, यादीच देत न्हाई. थोडा टाइम फिरतंय आन् बंद पडतंय."

"कसली यादी, काकू?"

"काचबिंदूवाल्यांची."

त्यांनी सांगितलं ते असं. मोतीबिंदू झालेल्या माणसाला दिसायचं कमी होतं, तो आपण होऊन येतो. काचबिंदूचं तसं नसतं. डोळ्यातला दाब वाढत जातो, दुखत नाही, आणि नजर कडांकडून आत आक्रसत जाते. रोज थेंब टाकायचे आणि तीन महिन्यांनी दाब मोजून घ्यायचा, एवढंच हातात. पण दुखत नाही म्हणून माणसं थेंब सोडतात, यायचं विसरतात. हॉस्पिटल काढणारे मोठे डॉक्टर होते तेव्हा त्यांनी काकूंना हे काम दिलं होतं. रोज यादी काढायची, ज्यांची तारीख उलटली त्यांना फोन करायचा. मोठे डॉक्टर वारले. त्यानंतर ती यादी कोणी मागितली नाही, आणि थांबवा असंही कोणी म्हटलं नाही. काकू रोज अकराच्या आधी बटण दाबायच्या, यादी येईपर्यंत अर्धा तास चहा घेत बसायच्या, आणि मग दुपारभर फोन.

"मग तुम्ही सांगितलं का नाही कोणाला? बंद पडल्यावर?"

"कोनाला सांगू? मला वाटलं माझंच काही चुकून राहिलं. इतकी वर्सं झाली, पर मशीनचं मला काय कळतंय?" त्यांनी वही पुढे केली. "म्हनून ही जुनी वही काढली. पर हिच्यातले निम्मे नंबर बंद झाले."

मी स्विचची वायर नीट बसवली. मी त्यांना म्हणाले, "आज दुरुस्त करते." कोणामुळे बंद पडलं ते सांगितलं नाही.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ते काम केलं, जे नऊ दिवसांपूर्वी करायला हवं होतं. ती मागणी ज्याने लिहिली त्याने ती हॉस्पिटल नवीन असताना लिहिली होती. प्रत्येक पेशंटची शेवटची भेट शोधायला ती दरवेळी भेटींचा सगळा ढीग उपसायची. तेव्हा ढीग लहान होता. मी भेटींची पेशंटनुसार आणि तारखेनुसार लावलेली एक सूची तयार केली, पुस्तकाच्या शेवटी असते तशी, आणि मागणी नव्याने लिहिली, म्हणजे तिने थेट शेवटच्या भेटीवर बोट ठेवावं. सूची व्हायला पाऊण तास लागला. माझ्या त्या चार ओळी काढून टाकल्या. दोन वाजता काकूंनी बटण दाबलं आणि यादी समोर आली. चार सेकंद.

काकू पडद्याकडे बघत राहिल्या. "झालं?" म्हणाल्या. मग जरा हसून, "आता चहा कवा प्यायचा?"

त्या नऊ दिवसांत ज्यांची पाळी येऊन गेली त्यांची नावं मी वेगळी काढली आणि काकूंच्या समोर बसून माझ्या मोबाईलवरून फोन लावायला लागले. निम्मे त्यांनी, निम्मे मी. त्या प्रत्येकाशी सावकाश बोलायच्या. "आजी, मी डोळ्याच्या दवाखान्यातून बोलून राहिले. थेंब हायत का संपले? मंग याना. येताना एकट्या नका येऊ." एका म्हाताऱ्याने त्यांना नातवाचं लग्न ठरल्याचं सांगितलं, एकीने सुनेचं गाऱ्हाणं. त्या ऐकून घ्यायच्या. मला तसं येत नव्हतं. मी तारीख सांगायचे आणि फोन ठेवायचे. तरी दुपार संपेपर्यंत माझा आवाज मोकळा झाला होता.

काकूंच्याही घरी कोणी नव्हतं. नवरा पूर्वीच गेलेला, एक मुलगा हैदराबादला. "घरी गेल्यावर कोनाशी बोलू? म्हनून इथंच बोलून घेते," असं त्या सहज म्हणाल्या.

सगळ्यांशी बोलणं झालं, एक नाव सोडून. नरसीच्या पुढच्या एका खेड्यातल्या आजी. फोन बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. काकू म्हणाल्या, "त्या थेंब चुकवत न्हाईत कवा. मी फोन केला की दोन दिसांत येतेत." त्यांची पाळी होती मी ती मागणी तोडायला सुरुवात केल्यापासून तिसऱ्या दिवशी.

रविवारी मी गेले. हिंगोलीपर्यंत बस, पुढे नरसीपर्यंत जीप. नामदेव महाराजांच्या देवळासमोर उतरले; प्रसादाच्या दुकानांसमोर बाहेरगावच्या गाड्या लागलेल्या. तिथून पुढे चालत. ऊन होतं. शेतांत हळद काढून झालेली, ढेकळं उघडी पडलेली. घर विचारत विचारत सापडलं. दोन खोल्या, पुढे शेळ्या. आजी दारातच बसल्या होत्या आणि मी अगदी जवळ जाईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. मी डाव्या बाजूने आले होते.

"कोन हाय?"

"आजी, डोळ्याच्या दवाखान्यातून आले."

"दवाखान्यातून? घरी?" त्या घाबरल्या. मी खाली बसले, समजावून सांगितलं. थेंब संपून पंधरा दिवस झाले होते.

"मग आला का नाहीत, आजी?"

"त्या बाईचा फोन येत असतो. थेंब सरले की तिचा फोन येतोच. ह्या टायमाला आला न्हाई. मला वाटलं, बरे झाले असतील डोळे. गरज असती तर तिनं बोलावलंच असतं."

मी विचारलं, "फोन बंद का आहे?"

"पोरगं वीटभट्टीवर गेलं, त्यानं नेला."

"कधी गेला?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "पाच दिस झाले."

म्हणजे आजींची पाळी आली त्या दिवशी फोन घरातच होता. मीही बोटांवर मोजून पाहिलं होतं.

आजी शेळ्या सोडून यायला तयार नव्हत्या. शेजारची बाई म्हणाली, "म्या बघते शेळ्या, तुमी न्या तिला." रविवारी दवाखाना बंद, म्हणून सोमवारी पहिल्या बसने मी परत गेले आणि त्यांना घेऊन आले. जीपमध्ये, बसमध्ये त्यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. इतका वेळ कोणी माझा हात धरल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे. मला तो सोडवूनही घ्यायचा होता आणि सोडवायचाही नव्हता.

डॉक्टरीण बाईंनी दाब मोजला. खूप वाढलेला होता. डाव्या डोळ्याची नजर मागच्या वेळेपेक्षा आणखी आक्रसली होती. मी बाहेर गाठून विचारलं, "हे या पंधरा दिवसांत झालं का?"

"सांगता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "इतक्या लवकर सहसा होत नाही. पण त्यांचा डोळा आधीच नाजूक होता. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळू. तुम्ही आणलं ते बरं केलं."

ते शेवटचं वाक्य माझ्या वाट्याचं नव्हतं. मी सरळ रेकॉर्ड रूममध्ये गेले आणि काकूंना सांगितलं. यादी मशीनने बंद केली नव्हती, मी केली होती. इथे शंभर पावलांवर येऊन विचारायचा कंटाळा केला म्हणून.

काकू ऐकत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मग रिसीव्हर उचलला आणि पुढचा नंबर लावला. मी माझ्या खोलीत परत आले.

व्यवस्थापकांनाही मी लिहून कळवलं. ते म्हणाले, "ताई, आमालाच म्हाईत नव्हतं त्या असलं काही करतेत, तर तुमाला कुठून राहणार?" माझ्यावर कोणीच ठपका ठेवला नाही. कोणी ठेवला असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

काकूंनी पुढे दहा-बारा दिवस माझ्याशी शब्द काढला नाही. अंगणात समोर आल्या तर मान हलवायच्या. मी सर्व्हरच्या खोलीत बसायचे. करायला फारसं उरलं नव्हतं; सर्व्हर नीट चालत होता. जुन्या पेशंटांचे फोटो वेगळ्या ठिकाणी हलवले, रोजचा बॅकअप तपासला. चालणाऱ्या मशीनपाशी बसणं बिघडलेल्या मशीनपाशी बसण्यापेक्षा जड जातं, कारण तेव्हा फोनही येत नाही. डबा उघडायचे आणि निम्मा तसाच घरी न्यायचे.

मग एका दुपारी दार ढकलून काकू आत आल्या. त्या खोलीत त्या पूर्वी कधी आल्या नसाव्यात. हातात दोन कप चहा होता. सगळीकडे पाहिलं, पदर अंगाभोवती ओढून घेतला.

"इथं बसतीस व्हय तू दिवसभर?"

"हो."

"येकटी?"

मी मान डोलावली. दुसरी खुर्ची नव्हती. मी माझी दिली आणि बॅटरीच्या खोक्यावर बसले. त्यांनी चहा पिऊन संपवला. मग म्हणाल्या, "मला तुझा राग आला होता. लई आला होता. पर म्या बी नऊ दिस गप बसलेच की. उठून यायचं होतं, ईचारायचं होतं. कोनी मला ईचारत न्हाई म्हनून म्या बी कोनाला ईचारलं न्हाई." त्यांनी कप उचलले. "उद्या जेवायला तिकडंच ये. तिथं ऊन तरी हाय."

त्यानंतर माझं काम संपेपर्यंत मी रोज रेकॉर्ड रूममध्ये जेवले. गप्पा फार नसत. त्या त्यांच्या भाकरीतली चतकोर माझ्या डब्यात ठेवत, आणि मी दुपारचे चार-पाच फोन करून देत असे. हळूहळू मलाही जमायला लागलं. थेंबांचं विचारून झाल्यावर फोन लगेच ठेवायचा नाही, एवढंच होतं ते. आजी पुढच्या खेपेला शेजारणीबरोबर आल्या. उजवा डोळा टिकला होता. डाव्याने आता समोरचंच दिसायचं. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं.

पुढच्या वर्षी ट्रस्टने नवं मशीन आणि नवा प्रोग्राम घेतला. जुना सर्व्हर बंद करायला मला एका दिवसासाठी बोलावलं. काकू तोवर निवृत्त होऊन मुलाकडे हैदराबादला गेल्या होत्या. नव्या प्रोग्राममधून तारीख उलटली की पेशंटला आपोआप मेसेज जातो. मी व्यवस्थापकांपाशी बसून सांगितलं की या माणसांना मेसेज वाचता येत नाही, कोणीतरी बोललं पाहिजे. त्यांनी एका नर्सला आठवड्यातून दोन दुपारी ते काम दिलं. ती मुलगी चांगली आहे; जरा भरभर बोलते.

सगळ्या नोंदी नव्या मशीनवर नीट आल्यात हे दोनदा तपासलं आणि जुनं बंद केलं. पंखे थांबायला थोडा वेळ लागला. त्या खोलीत पहिल्यांदाच बाहेरचं बोलणं ऐकू आलं. कोणीतरी व्हरांड्यात चपलांवरून भांडत होतं.

दुपारी फाट्यावर येऊन थांबले. बसला वेळ होता. काकूंना फोन लावला आणि बंद केल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. जेवलीस का?" मी म्हटलं, नाही अजून. तर म्हणाल्या, मुलगा कामावर, सून कामावर, लेकरू शाळेत, दिवस जाता जात नाही, आणि शेजारी सगळे तेलुगू बोलतात. मी ऐकत राहिले. मध्ये कळमनुरीची बस आली आणि गेली. पुढची तासाभराने होती.